दहावी पायरी

प्रश्न अवघड होत चालले तशी शिवांजली खूश होत चालली.

परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या माणसानं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड टाकतो, चुकलं की सोपा. असं करत करत तो ज्याची त्याची पायरी शोधून काढतो. पायऱ्या एकूण दहा. सायबर सुरक्षेतलं कुणाला किती कळतं ते पाहायचं, म्हणजे तसं प्रशिक्षण देता येईल, असं नोटिशीत लिहिलं होतं.

धाराशिवच्या त्या सरकारी कार्यालयात शिवांजली सहा वर्षं ठेक्यावर ऑपरेटर होती आणि ठेका मार्चअखेर संपत होता. "वरची पायरी गाठ, पुढचं मी बघतो," असं साहेब म्हणाले होते. त्या एका वाक्यावर ती महिनाभर माकणीच्या एसटीत, उभ्यानंसुद्धा, मोबाईलवर धडे वाचत आली होती.

साहेब स्वतः मात्र उशिरा आले आणि तिच्या पुढच्याच संगणकावर बसले. महिन्यापूर्वी एका रविवारी त्यांच्या डिजिटल सहीनं अकरा बोगस दाखले निघाले होते. त्याची चौकशी चालू होती आणि चौकशीच्या मॅडम आज मागं खुर्ची टाकून बसल्या होत्या. पण कर नाही त्याला डर कशाला, असं शिवांजलीला वाटत होतं.

मान वर केली की तिला साहेबांचा पडदा दिसे. पंधरा मिनिटांत त्यांच्यापुढं पाच-पाच ओळींचे प्रश्न येऊ लागले होते. तिला नवल वाटलं. एरवी साधी मेल पाहायची तरी साहेब तिला हाक मारत.

"अहो, प्रश्न लई अवघड येऊ लागले की!" साहेब कंपनीच्या माणसाला म्हणाले.

"म्हणजे तुमची उत्तरं बरोबर येतायत, साहेब. चुकली की सोपे येतील."

साहेबांनी मान वळवून मागं बसलेल्या मॅडमकडं पाहिलं. मग त्यांनी भराभर बटणं दाबली. पाच ओळींचे प्रश्न तीन ओळींवर आले, तिनाचे एकावर. शेवटी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "पासवर्ड कुणाला सांगावा?" आणि वर म्हणाले, "आता शिपायाला सांगितला तर काय बिघडतंय?"

सगळे हसले. शिवांजलीही हसली.

निकाल लगेच आला. शिवांजली दहावी पायरी. सगळ्या कार्यालयात तीच एकटी. साहेब दुसऱ्या पायरीवर. मोठे कारकून बिरदेवमामा तिसऱ्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिवांजलीला वाटलं, आईला आत्ताच्या आत्ता फोन करावा.

तेवढ्यात मॅडमनी तिला जवळ बोलावलं.

"साहेबांची सही कुणाकडं असते?"

सही म्हणजे संगणकाला लावायचं करंगळीएवढं डोंगल. ते शिवांजलीच्या खणात असे, पिनही तिलाच पाठ. दिवसाला दोनशे दाखले निघत, साहेब कुठं एकेकावर सही करत बसणार? आधीच्या साहेबांचंही असंच होतं.

"माझ्याकडं," ती म्हणाली. "पण त्या रविवारच्या आदल्या दिवशी साहेबांनी ते घरी नेलं होतं."

"नोंदवहीत त्यांची सही आहे?"

सही नव्हती. डोंगल कुणी नेलं, कधी आणलं, याची वही होती, पण ती बाकीच्यांसाठी. साहेबांपुढं वही धरून 'इथं सही करा' म्हणायची कुणाची छाती होती? तिनं डोंगल नुसतं हातावर ठेवलं होतं. वर 'सांभाळून न्या साहेब' असंही म्हणाली होती.

"मामा होते की समोर," ती म्हणाली. "मामा, सांगा ना."

बिरदेवमामांची निवृत्ती मे महिन्यात होती. त्यांनी टेबलावरची फाईल उघडली.

"म्या तवा जेवायला गेलो असंल, बाई. ध्यानात न्हाय," ते म्हणाले.

शिवांजली मॅडमकडं वळली. "मॅडम, साहेबांना आधी अवघड प्रश्न येत होते. मी पाहिलंय. मग त्यांनी मुद्दाम..."

"अंदाजपंचे दाबत होतो हो," साहेब हसले. "लागले चार-दोन. पोरगी घाबरलीय, मॅडम. कामाला लई चांगली हाय ती."

मॅडमनी कंपनीच्या माणसाकडं पाहिलं. तो म्हणाला, "अहवालात शेवटची पायरी तेवढी येते."

"त्या रविवारी ज्यानं हे केलं," मॅडम सावकाश म्हणाल्या, "त्यानं संगणकातल्या मागच्या सगळ्या नोंदी पुसल्या. ते दुसऱ्या पायरीच्या माणसाचं काम नाही." त्यांनी निकालाच्या कागदावर शिवांजलीच्या नावाभोवती पेनानं गोल केला. "इतकं सगळं शिकलीस कशासाठी?"

नोकरी टिकावी म्हणून, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. पण आता ते खरं वाटेल असं तिचं तिलाच वाटेना. साहेब खुर्चीत मागं रेलून रुमालानं चष्मा पुसत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "मला ही परीक्षा परत देता येईल का?"

मॅडमनी कागद फाईलमध्ये घातला.

"कशाला? याच्या वर पायरीच नाही."