अडायची जागा

मास्तरांनी ते वाक्य न अडखळता म्हटलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

"साहेब आलेत, पण हजर नाहीत." कारकुनाच्या खुर्चीतून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. लोक हसायला लागले, आणि नेमकं तेव्हाच समोर उभ्या असलेल्या बारक्याने ओठ न हलवता "पण हजर नाहीत" असं पुटपुटून त्यांना आठवण करून दिली. कॉलरला माइक होता. अख्ख्या नाट्यगृहाने ऐकलं. मास्तर गडबडले, आणि बारक्याला पुढचं स्वतःचंच वाक्य आठवेना. शेवटी मास्तरांनी मधली दोन पानं गाळून अंक कसाबसा संपवला.

पडदा पडल्यावर बारक्या रंगपटात येऊन खुर्चीत मटकन बसला. हे दोनपात्री नाटक त्याने आणि शिडीने मिळून लिहिलेलं, बावीस वर्षं मिळून केलेलं. शिडी म्हणजे त्याचा सहा फूट दोन इंच उंचीचा जोडीदार. एकोणीस दिवसांपूर्वी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. ठरलेला प्रयोग होणार म्हणजे होणार, असं बारक्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या मास्तरांना त्यानेच गाठलं, आणि त्या भल्या माणसाने दहा दिवसांत सगळं घोकून काढलं. आता छाती ठोकणाऱ्याचीच छाती धडधडत होती.

"दुसरा अंक होणार नाही," तो व्यवस्थापकाला म्हणाला. "माझ्या पोटात दुखतंय म्हणून सांग."

"दहा मिनिटं आहेत. तोवर दुखून घ्या," असं म्हणून व्यवस्थापक गेलासुद्धा.

त्याच्या पाठोपाठ शिडीची बायको आत आली. घरात बसवत नाही म्हणून प्रयोगाला आली होती, पहिल्या रांगेत.

"चुकलं माझं, वहिनी," बारक्या म्हणाला. "सवय जात नाही हो. तो रोज तिथेच अडायचा. ‘साहेब आलेत’ म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. बावीस वर्षं सांभाळून घेतलं मी त्याला. किती बोललो असेन त्यावरून."

वहिनींनी स्टूल ओढलं.

"भावोजी, हे घरी कधीच अडले नाहीत. भाजी निवडता निवडता सगळं नाटक म्हणायचे. तुमचीसुद्धा वाक्यं. मी एकदा विचारलं, मग रोज तिथेच गाडी का अडते? तर म्हणाले, ‘तिथवर त्याची बोबडी वळलेली असते. त्याला माझं वाक्य सांगायला मिळालं की तो भीती विसरतो. मग ऐक, कसा बोलतो ते.’ तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

बारक्याला आधी संताप आला. आत्ताच्या आत्ता शिडीची कॉलर धरून जाब विचारावा असं त्याला इतकं वाटलं, की पोटात खरोखरच कळ आली. मग रडू फुटलं. चेहऱ्यावरचा रंग ओघळायला लागला, आणि तो तसाच बसून राहिला.

"मग आता तिथे कोण अडणार, वहिनी?"

दारात मास्तर उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी खिशातून पेन काढलं, नाटकाची वही उघडली आणि बारक्यापुढे धरली.

"दुसऱ्या अंकात कुठे विसरायचं तेवढी खूण करून द्या," ते म्हणाले. "मी पाठ करतो."