वहाणांचा जोड

देवकीबायच्या पत्राला जुन्या वस्तूंचे संग्रहालय चालवणाऱ्या गोकुळदासांनी उत्तर दिले नव्हते. पाच-सहा वेळा लिहायला घेतले आणि फाडून टाकले. ‘माझा विश्वास आहे’ लिहावे तर खोटे, ‘नाही’ लिहावे तर म्हातारीचे मन दुखणार.

पत्र धारगळहून आले होते. ‘राखणदाराच्या घुमटीतल्या वहाणा तुम्ही संग्रहालयात नेल्या. झिजलेल्या नेल्या असत्या तर कुणी काही म्हटले नसते. तुम्ही नव्या नेल्या. आता तो रात्री अनवाणी फिरतो. आमचा परेश रातपाळी करून त्याच वाटेने येतो. परत आणून ठेवा.’

चूक खरी होती. गावची सीमा राखणाऱ्या या दैवताला वर्षाला नवा जोड ठेवतात, हे गोकुळदासांनी पुस्तकात वाचले होते. पण नांगर, जाते, पाटी यांच्या रांगेत झिजलेले चामडे शोभले नसते. त्यांनी कोरा जोड उचलला, काचेच्या कपाटात ठेवला आणि सुबक अक्षरात चिठ्ठी लावली. तेव्हापासून दारातला कुत्रा आत यायचा बंद झाला. भर उन्हाळ्यात सकाळी दालन उघडले की ओल्या मातीचा वास येई. गोकुळदास खिडक्या उघडत आणि स्वतःवरच चिडत.

आज झाडलोट करणारी तेजस्विनी आतून ओरडली, “काका, बेगीन येवा! कपाट तुम्ही उघडलां?”

कुलूप जागेवर होते. किल्ली गोकुळदासांच्या खिशात होती. कपाटात मात्र वेगळाच जोड होता. टाचा झिजलेल्या, अंगठा तुटलेला, तळाला ओली तांबडी माती.

गोकुळदास काचेशी वाकले. मग त्यांनी विचारले, “परेश काल घरी पोचला?” ती धारगळची, परेशच्याच वाडीतली.

“तो पोचलो. वाटेर काळोखात कोणतरी फुडे चलत होतो म्हणता. वहाणो करकर वाजत होत्यो.” तिने कपाटाकडे पाठ केली. “राखणदार नवी घेता आणि जुनी थंयच, त्याच जाग्यार सोडता. आणि सोडता त्या जाग्यार दर वर्सा नवी दवरूची लागता, म्हणजे आता ह्या कपाटात.”

“आणि राहून गेली तर?”

 केरसुणी तिथेच टाकून तेजस्विनी अंगणात गेली.

गोकुळदासांनी चिठ्ठी काढली. कपाटाला कुलूप लावले नाही. दुपारच्या बसने पेडण्याला जाऊन त्यांनी वहाणांचा नवा जोड करायला सांगितला आणि टपालपेटीत कार्ड टाकले.

‘देवकीबाय, वहाणा त्याला पोचल्या. पुढचा जोड मी ठेवीन. मला मूलबाळ नाही. माझ्यानंतर कोण ठेवील, हे त्याला तुम्हीच विचारा.’