खाली दाजी, वर सहल

पोरांना शहराचं खरं रूप दाखवायचं, ही टूम तुमची होती, साहेब. जीव मात्र दाजीचा टांगलात.

भर दुपारी गटाराचं झाकण उघडं होतं. भोवती वीस शाळकरी पोरं, त्यांच्या बाई आणि सफाई खात्याचे साहेब. दाजी कमरेला दोरी बांधून खाली गेला होता. उतरताना म्हणाला, मला बघायला बस भरून माणसं आलीत, लग्नात एवढी नव्हती. दोरीचं वरचं टोक मेहुण्याच्या मुठीत होतं. या कामात दोरी परक्याच्या हाती देत नाहीत. खालून एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. आणि दोरी हातात असेतो धरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम.

साहेबांनी तो मोडायला लावला. पोरांना नीट समजावून सांग, म्हणाले. मेहुणा सांगू लागला. किती खोल, आत काय काय सापडतं, अंगाचा वास किती दिवस जात नाही. पोरं हसली. तोही हसला.

मग त्याच्या ध्यानात आलं, बराच वेळ झटका आलेला नाही. की आला होता, आणि बोलण्याच्या नादात निसटला? त्यानं दोरी हलवली. खालून काही नाही. परत हलवली. हाक मारली. आतून त्याचाच आवाज माघारी आला.

पाय रोवून तो ओढू लागला. दाजी अंगानं दांडगा, एकट्याला हलेना. दोन वेण्यांची एक पोरगी पुढे आली, तिच्यामागे बाई, मग सगळीच. दोरीनं तळवे सोलले. दाजी वर आला तेव्हा मान लोंबत होती, ओठ काळेनिळे. मेहुण्यानं छाती दाबली, गालावर थपडा मारल्या, बहिणीचं नाव घेऊन शिव्या घातल्या. कितीतरी वेळानं दाजी खोकला.

साहेबांना घाम फुटला होता. ते बाईंची समजूत घालू लागले. वरपर्यंत तक्रार नको, आम्ही सगळी काळजी घेतली होती.

"लाइन सकाळीच मशीननं साफ करून घेतली होती हो. मुलांना वास येऊ नये म्हणून."

दाजीचं डोकं मेहुण्याच्या मांडीवर होतं. मेहुण्यानं मान वर केली.

"मग माणूस खाली कशाला उतरवलात? सांगा साहेब. या पोरांसमोर सांगा."