सलिलचं औषध

सलिल मांडव्याला बोटीतून उतरला आणि रिक्षा करून थेट किहीमला आला. आई पडवीत खुर्चीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो कापून आता वर्ष होत आलं होतं.

"आई, चाचणीचा निकाल लागला," तो म्हणाला. "औषध लागू पडतंय."

गोदावरीचा चेहरा उजळला. "अहो, ऐकलंत का? सलिलचं औषध पास झालं!"

विश्वंभर वाडीतून मातीच्या हातांनीच वर आले.

मधुमेहाने चिघळलेल्या तिच्या जखमेवर कुठलंच औषध चालेना, तेव्हा सलिलनेच तिला या चाचणीत घातलं होतं. हट्टी जंतूंना खाऊन टाकणारे विषाणू त्याच्या प्रयोगशाळेत वाढवले होते. ते बाटलीतून यायचे आणि अलिबागची नर्स ते जखमेवर सोडायची. माझ्या लेकाचं औषध आहे, असं गोदावरीने साऱ्या आळीला सांगितलं होतं.

"माझ्या एकीला नाही आला गुण, तर नाही आला," ती म्हणाली. "बाकीच्यांचे पाय तर वाचले."

सलिल उभाच होता. "तुला ते औषध मिळालंच नव्हतं, आई."

"म्हणजे?"

"निम्म्या लोकांना औषध देतात, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्याशिवाय फरक कळत नाही. कुणाच्या बाटलीत काय आहे, हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. मलाही काल कळलं."

"पण निम्म्यांना पाणी देतात, हे तर तुला ठाऊक होतं?" विश्वंभरांनी विचारलं.

"होतं, बाबा."

"मग बोलला का नाहीस? 'सही कर, बाकीचं मी बघतो,' एवढंच म्हणालास तिला."

"ती नाही म्हणाली असती. दुसरा उपाय नव्हता. मला वाटलं, अर्धी तरी आशा आहे."

गोदावरीचे हात थांबले होते.

"मला रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा," ती म्हणाली.

"कधी?"

"तेव्हाच. नर्स विचारायची, कसं वाटतंय. मी म्हणायचे, उतार आहे. ड्रेसिंगला जाताना तापाची गोळी घेऊन जायचे."

"अगं, पण का?" सलिलचा आवाज चिरकला. "ताप सांगितला असतास तर तेव्हाच दाखल करून घेतलं असतं. पाय कदाचित—"

"तुझं औषध नापास झालं असतं."

विश्वंभर तिच्याकडे वळले. "मलाही नाही सांगितलंस?"

वालाची भरलेली परात तिने बाजूला सारली. वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, त्याचे धप् धप् आवाज येत राहिले.

थोड्या वेळाने सलिलने बॅग खांद्याला लावली. "येतो, आई," म्हणत तो नेहमीसारखा नमस्काराला वाकला.

गोदावरीने उरलेला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.