बावीस नावं

"यात त्यांचं नाव नाही, ताई."

विमा कंपनीच्या कारकुनाने काचेखालून यादी पुढे सरकवली. ठेकेदाराच्या बायकोला आधी हसूच आलं. नाव नाही म्हणजे काय? यादी तिच्याच हातची होती, आणि कागदपत्रांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार वर्षं विम्याचा हप्ता ती मुदतीच्या आठ दिवस आधी भरत आली होती. बाकीचे ठेकेदार तिच्या नवऱ्याला चिडवायचे, की तुला वेगळी विमा कंपनी कशाला हवी, घरात आहे की एक.

"नीट बघा साहेब. परवा परांची सुटली आणि हे तिसऱ्या मजल्यावरून खाली आले. उद्या सकाळी मणक्याचं ऑपरेशन आहे. खर्च कंपनी देणार, एवढं पत्र दवाखान्याला आज हवंय."

"मी तीनदा बघितलं," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि यादी तिच्याकडे फिरवली.

ती बोट ठेवून वाचायला लागली. साइटवर कुणी जिराफ होता, कुणी मामा, कुणी बारक्या. खरी नावं त्यांची त्यांनाही आठवत असतील की नाही कोण जाणे. तिने मात्र एकेकाला समोर बसवून, ओळखपत्र बघून, नाव-आडनाव उतरवून घेतलं होतं. पाणी भरणारी बाई सुटली नव्हती, राखणदार सुटला नव्हता. बोट बावीसपर्यंत आलं आणि पुढे कोरा कागद लागला. तिने कागद उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

मग तिला आठवलं.

फॉर्मवर छापलेलं होतं, 'कामगारांची नावे'. तिने नवऱ्याला विचारलंही होतं, तुमचं लिहू का. सिमेंटचे हात धूत तो म्हणाला होता, अगं, मालकाचा कसला विमा, मालक पडतो का कधी? दोघंही पोट धरून हसली होती. चौदा वर्षं तो दुसऱ्यांच्या हजेरीपटावर गवंडी म्हणून लागलेला होता. खालच्या ओळींत त्याचं नाव नाही अशी ही पहिलीच यादी. ते तिने सगळ्यात वर लिहिलं, 'मालकाचे नाव' या शब्दांपुढे, आणि पेन दोनदा फिरवून ठळक केलं. तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"हे काय, इथे आहे ना," ती म्हणाली. "सगळ्यात वर."

वरच्या माणसाने विमा काढायचा आणि तो मिळायचा खालच्यांना, असं कारकून हळू आवाजात समजावत राहिला. मालकाची पॉलिसी वेगळी असते, तिचा फॉर्मही वेगळा असतो. ती ऐकत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. बिल्डर स्लॅब झाल्याशिवाय बिलाचे पैसे देणार नव्हता. आणि स्लॅब वेळेत व्हावा म्हणूनच तर नवरा स्वतः वर चढला होता, कारण यादीतला सातवा माणूस त्या दिवशी तापाने घरी पडून होता. आता तो सातवा बरा होऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता आणि मान वर करत नव्हता.

कारकुनाला राहवलं नाही. त्याने एक कोरा कागद ओढला. मोठ्या साहेबांकडे अर्ज करून बघू, म्हणाला, होईलच असं सांगत नाही. पेनाचं टोपण काढून तो लिहायला लागला आणि एका ओळीपाशी थांबला.

"अपघाताच्या वेळी मालक वर काय करत होते? देखरेख?"

तिने यादीतल्या सातव्या नावावर बोट ठेवलं, मग सगळ्यात वरच्या ठळक नावाकडे पाहिलं.

"काम," ती म्हणाली.