बुधवारपर्यंत

"आई, मिटला संप! जिंकलो आम्ही!"

कर्टिस लॉस एंजेलिसहून एवढ्या जोरात ओरडला की व्हर्नाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. सोमवारची दुपार होती. टेनेसीतल्या आपल्या घरी ती बुधवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी काचेच्या बशा काढून पुसत बसली होती.

"अरे वा," ती म्हणाली. "छान झालं, बाळा."

"नुसतं छान? तीन महिने स्टुडिओच्या फाटकासमोर फलक घेऊन गोल गोल फिरलोय. उद्यापासून परत शोचे विनोद लिहायला बसायचं! आणि ऐक, परवा, बुधवारी आमचा शो. थेट. तुमच्याकडे सातला. चॅनेलवाल्यांनी त्या जागी काय ठेवलं होतं, माहितेय? गावाकडच्या गाण्यांचे जुने बक्षीस समारंभ. तुकडे जोडून जोडून गोधडी शिवलेली. ती रद्द."

व्हर्ना हातातली बशी पुसत राहिली. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

त्या गोधडीत एक तुकडा तिचा होता. चाळीस सेकंदांचा. चौऱ्याहत्तर साली नॅशव्हिलमध्ये नव्या गायिकेचं बक्षीस तिला मिळालं होतं. त्यानंतर दोन तबकड्या निघाल्या, मग कोणी विचारलं नाही. आता लिहिणारेच संपावर गेल्यामुळे चॅनेलला जुन्या फिती बाहेर काढाव्या लागल्या, आणि महिन्यापूर्वी तिथल्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमचा भाग घेतला तर चालेल ना? आभाराचं भाषणसुद्धा आहे." मॅडम! बक्षिसाच्या रात्री व्हर्ना स्वतःच मंचावर होती, त्यामुळे आपण कशा दिसलो हे तिने आजवर पाहिलेलं नव्हतं.

कर्टिसला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. संपाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने बजावलं होतं, "आमच्या जागी ते जे शिळंपाकं वाढतील ना, ते बघायचं नाही हं आई. बघितलंस तर माझ्याच पोटावर पाय दिलास असं समजेन." बोलून चालून पोटाचाच प्रश्न होता. भाडं झेपेना म्हणून तो मित्राच्या घरी सोफ्यावर झोपत होता.

कालच चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं होतं, आज कोणासाठी प्रार्थना करायची? शेजारची ओपल ताडकन उठली होती. "आमच्या व्हर्नाच्या पोराचा संप मिटू दे." सगळ्यांनी माना खाली घातल्या. व्हर्नानेही घातली. फक्त मनातल्या मनात तिने एक शब्द पुढे जोडला. 'बुधवारनंतर.'

"आई? आहेस ना?"

"आहे रे. जेवतोस का वेळेवर?"

फोन ठेवल्यावर तिने ओपलला फोन लावला.

"रद्द? मग काय झालं?" ओपल म्हणाली. "आम्ही येतोच. लेकाचा कार्यक्रम बघू! केळ्याचं पुडिंग मी करतेय, आता नाही म्हणू नकोस."

"नको गं. अंग मोडून आलंय माझं."

बुधवारी टीव्ही बघायला बोलावलेल्या आणखी पाच जणींना तिने हेच सांगितलं. पाचही जणींनी संप मिटला म्हणून तिचं अभिनंदन केलं. देवाने ऐकलं, म्हणाल्या.

बुधवारी सात वाजता ती एकटीच टीव्हीसमोर बसली. शोचा सूत्रसंचालक आला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, ते थांबेचनात.

"तीन महिने आम्ही नव्हतो," तो म्हणाला. "तुमचे फार हाल झाले असतील. आज तर तुम्हाला बक्षीस घेऊन रडणाऱ्या जुन्या गायिका बघाव्या लागणार होत्या. मी त्यातली एक फीत पाहिली. बाईंच्या डोक्यावर केसांचा असा डोंगर, की आभार मानायला त्या जरा वाकल्या आणि पुढच्या दोन रांगा अंधारात गेल्या!"

सभागृह हशाने दणाणलं. हसू ओसरेपर्यंत सूत्रसंचालकाला थांबावं लागलं.

व्हर्नालाही आधी हसू आलं होतं.

सव्वाआठला फोन वाजला. कर्टिसच्या मागे गलका चालला होता, पेले वाजत होते.

"पाहिलास? कसा झाला?"

"मस्त. तो केसांचा विनोद तुझा ना?"

"ओळखलास!"

"ओळखणार नाही?"

"तुला लागला नाही ना गं?" त्याचा आवाज जरा खाली आला. "एकदम डोक्यात आलं, म्हटलं आईलाही असंच बक्षीस मिळालं होतं. पण तुझ्यावर नव्हता हं तो. तू कुठे होतीस त्या कार्यक्रमात!"

"छे," व्हर्ना म्हणाली. "मी कुठे."

"एक मिनिट हं, साहेब बोलावतायत. ठेवू नकोस."

त्याने फोन टेबलावरच ठेवला असावा. तिकडचं सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी केसांचा विनोद पुन्हा सांगितला, आणि पुन्हा हशा झाला. त्या हशात कर्टिसचं हसणं तिला वेगळं कळलं. तीन महिन्यांत तिने ते ऐकलं नव्हतं.

कर्टिस परत आला नाही. मग तिकडे कोणीतरी गाणं लावलं, खुर्च्या सरकल्या, एक बाई कोणाचा तरी निरोप घेऊन गेली. व्हर्ना रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी होती. ठेवू नकोस म्हणाला होता.