रिकामा शंख

लालबागच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत अकरा गोगलगायी होत्या. दहा तपकिरी, एक सोनेरी. पिल्लं वाढवून विकायला अनुजाने सोनेरीच निवडली होती, आणि नेमकी तीच मेली.

तिने शंख धुऊन व्हर्नियर मापकाने मोजला. एकतीस मिलिमीटर.

"टाकू नको गो तिका," अप्पा म्हणाले.

आई गेल्यापासून जेवताना ते तिचंही पान वाढत. आता शंख परत टाकीत ठेवून त्याच्यापुढेही रोज काकडीची चकती ठेवू लागले.

"खाल्ल्याशिवाय वाढतली कशी?"

वडिलांचं मन भरकटू नये, म्हणून चकती बाकीच्या गोगलगायी खातात हे त्यांना दाखवायचं तिने ठरवलं. तो शंख आणि चकती तिने वेगळ्या बरणीत ठेवली, झाकण लावलं.

सकाळी बरणीत नुसती साल होती. अप्पा निवांतपणे दुसरी काकडी चिरायला बसले.

अनुजाने शंख उजेडात धरला. आत काही नव्हतं. तिने व्हर्नियर लावला.

चौतीस मिलिमीटर.